विश्लेषण : गडाला दरवाजे किती असावेत? रामचंद्रपंत अमात्यांनी ३०० वर्षांपूर्वी मांडलेले धोक्याचे गणित

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गल्लोगल्ली मातीचे ढीग पडतात. दगड-विटा रचायच्या, वर पोती अंथरायची, चिखल थापायचा, हिरवळीसाठी हळीव पेरायचा आणि शेवटी मावळे मांडायचे. किल्ला करणाऱ्या पोरांत एक वाद दरवर्षी ठरलेला. दरवाजा एकच ठेवायचा की दोन? एक ठेवला तर राखायला सोपा. पण त्याच वाटेने शत्रू आला तर आतल्या मावळ्यांनी बाहेर पडायचे कुठून?

वाद पोरांचा असला तरी प्रश्न पोरकट नाही. जगभरातील लष्करे आज हाच प्रश्न संगणकावर सोडवतात. तळाला फाटके किती, पहारा कुठे, दारूगोळ्याचे कोठार कुठे, पाणी किती दिवसांचे, याची आभासी रंगीत तालीम हजारो वेळा केली जाते. तिला म्हणतात सिम्युलेशन. शिवाजी पेठेपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्याशी ज्यांचे उत्तरायुष्य जोडले गेले, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी हा हिशेब १७१५ साली ‘आज्ञापत्रा’त लिहून ठेवला. त्यांच्याकडे संगणक नव्हता, पण प्रत्यक्ष हरलेले आणि परत जिंकलेले किल्ले होते.

रामचंद्रपंत अमात्य कोण होते?

रामचंद्र नीलकंठ बावडेकर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे छत्रपती शिवाजी महाराजांचे विश्वासू कारभारी. राज्याचा जमाखर्च त्यांच्याकडे असे. घरातच हिशेबाची वही, त्यामुळे मुलाच्या हाती तलवारीइतकीच लेखणीही आली. वडिलांच्या पश्चात कारभार मुलाकडे आला आणि १६७४ च्या राज्याभिषेकावेळी अष्टप्रधानांतील अमात्यपद रामचंद्रपंतांना मिळाले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आतबाहेर होते.

अमात्याचे काम जमाखर्च पाहण्याचे, आणि गडांच्या सुरक्षेवर लिहिणारा माणूस याच खात्यातला निघावा हा योगायोग म्हणता येत नाही. सेनापतीला गड म्हणजे लढण्याची जागा. अमात्याला गड म्हणजे धान्य, पाणी, पगार, बारूद, चुना, लाकूड आणि माणसे. यातले काय किती दिवस पुरेल आणि एकीकडे वाढवले तर दुसरीकडे काय कमी पडेल, हे त्याला रोज पाहावे लागते.

शेजारच्या डोंगराने दिलेला धडा

पंत दहा वर्षांचे असताना, मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर अडकले. राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपल्या तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले. जुलैच्या भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेने निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी त्याची किंमत प्राणांनी चुकवली. मुख्य दरवाजे वेढ्याने बांधले गेले होते, उपयोगी पडली ती आडबाजूची वाट.

पाच वर्षांनी पुरंदरला दुसरा धडा मिळाला. पुरंदरच्या शेजारीच वज्रगड आहे. एप्रिल १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर मारा सुरू केला. जूनमध्ये महाराजांना तह करावा लागला, २३ किल्ले द्यावे लागले. पुरंदरची तटबंदी कच्ची नव्हती. दुबळी बाजू होती ती तोफेच्या टप्प्यातला शेजारचा डोंगर.

महाराजांनी हा धडा पन्हाळ्यावर वापरला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने मूठभर माणसांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा परत घेतला. त्यानंतर गडालगतच्या डोंगरावर पावनगड उभा राहिला. आज पन्हाळ्याला जाणारे बहुतेक पर्यटक पावनगडाकडे वळतही नाहीत, पण तो डोंगर मोकळा सोडला असता तर पन्हाळ्याच्या तटाला फारसा अर्थ उरला नसता.

‘आज्ञापत्रा’तला नियम नेमका हाच आहे. गडासाठी डोंगर निवडताना जवळ दुसरा डोंगर नसावा. असला तर सुरुंग लावून तो कमी करावा. तेही जमत नसेल तर बांधकाम करून तो आपल्याच गडात सामील करावा. इथे अमात्याची नजर दिसते, कारण डोंगर फोडायला खर्च येतो आणि डोंगर सामील करून घेतला की तो राखायला कायमची माणसे लागतात. धोका नाहीसा होत नाही, तो पगाराच्या खात्यावर जातो.

आजच्या तळांना हा डोंगर दिसतो तो आकाशात. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. कुंपण, भिंत, फाटक यांतले काहीही ओलांडावे लागले नाही.

सिम्युलेशन म्हणजे नेमके काय?

साधे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, कोणत्याही खऱ्या गडाचे नाहीत.

समजा, एका गडावर ५०० माणसे आहेत. शांततेच्या काळात रोज २,५०० लिटर पाणी लागते आणि गडावरचा झरा तेवढे देतो. कागदावर हिशेब जुळला. आता वेढा पडतो. खालच्या गावची माणसे वर येतात, आगी विझवाव्या लागतात, खर्च ४,००० लिटरवर जातो. त्याच वेळी झऱ्याचे पाणी निम्म्यावर येते. म्हणजे रोज २,७५० लिटरची तूट. टाक्यांत पावणेतीन लाख लिटर साठा असेल तर तो १०० दिवस पुरेल. वेढा २ मार्चला पडला असेल तर शंभरावा दिवस येतो १० जूनला. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर गड वाचला. आठवडाभर लांबला तर टाकी कोरडी.

पण झरा निम्म्यावरच येईल कशावरून? कदाचित तो तसाच वाहील. मग तीच टाकी १८० दिवसांपेक्षा जास्त पुरते. कदाचित पूर्ण आटेल. मग ६८ दिवसांत, म्हणजे ९ मेच्या सुमारास, घसा कोरडा. तेव्हा पावसाची वाट पाहण्यातही अर्थ नाही.

संगणक इथे एवढेच करतो की झऱ्याचे पाणी, पावसाची तारीख, वेढ्याचा दिवस, माणसांची संख्या हे सगळे आकडे फासे टाकल्यासारखे बदलत राहतो आणि दर वेळी गड टिकला की पडला याची नोंद घेतो. असे दहा हजार वेळा केले की कळते, किती वेळा गड टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अणुसंशोधनाच्या कामात स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ही रीत रूढ केली. मोनॅको देशातल्या जुगाराच्या अड्ड्यावरून तिला ‘मॉन्टे कार्लो’ नाव पडले. नकाशावर सोंगट्या मांडून लढाई खेळण्याची पद्धत त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकातील प्रशियाच्या लष्करातली. भारतात दिल्लीतील डीआरडीओची ‘इसा’ ही प्रयोगशाळा अशा युद्धखेळांच्या प्रणाली तयार करते आणि लष्कराचे ‘वारडेक’ हे केंद्रही याच कामासाठी आहे.

तरी गड टिकण्याची टक्केवारी हा सिम्युलेशनचा खरा उपयोग नव्हे. कोणता आकडा हलवला की उत्तर सर्वांत जास्त हलते, हे त्यातून कळते. वरच्या उदाहरणात तो आकडा झऱ्याचा आहे. आणि पंतांनी बोट ठेवले ते नेमके त्यावरच. गडावर झरा आहे, पाणी पुरते आहे, म्हणून निर्धास्त राहू नये, असे ते बजावतात. कारण तोफांच्या धडाक्याने झरे कमी होतात आणि लढाईत पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून खडक फोडून जास्तीची टाकी करावीत आणि ते पाणी अडीअडचणीलाच काढावे. आवाजाने झरा आटतो की नाही यावर भूगर्भतज्ज्ञ वाद घालतील. पण जो साठा शांततेत हमखास वाटतो, तोच युद्धात हमखास नसतो हे गृहीत धरणारा नियोजनकार कधीही बरा.

१६८९ : सगळे एका गडावर ठेवायचे का?

हा हिशेब पंत कुठे शिकले, हे समजायला १६८९ चे साल पाहावे लागते. फेब्रुवारीत संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता आणि गडावर येसूबाई, बाल शाहू, राजाराम महाराज असे सगळे राजघराणे एकत्र होते.

रायगडासारखा बळकट गड दुसरा नव्हता. सगळ्यांनी तिथेच राहणे हा वरवर पाहता सर्वांत सुरक्षित मार्ग. पण तो पडला असता तर एका दिवसात राज्य संपले असते. येसूबाईंच्या पुढाकाराने निर्णय झाला तो उलटा. राजाराम महाराजांनी बाहेर पडायचे, येसूबाई आणि शाहू यांनी गडावर राहायचे. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि माय-लेक कैदेत गेले. राजाराम महाराज तोवर पन्हाळ्यावरून निघून वेषांतराने दूर तमिळ मुलखातल्या जिंजीकडे गेले होते. राज्याचा एक भाग गमावायचा आणि राज्य वाचवायचे, असा तो सौदा होता. तो कुणी आनंदाने केला नसणार.

मागे महाराष्ट्र सांभाळायला राहिले रामचंद्रपंत. त्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब आणि जवळपास राजाचे अधिकार मिळाले. जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. पंतांचे ठाणे मुख्यतः विशाळगडावर होते. जवळजवळ नऊ वर्षे राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, समोर हिंदुस्थानातील सर्वांत मोठी फौज आणि तिचा बादशहा स्वतः दख्खनमध्ये तळ ठोकून. या वर्षांत कोणता गड लढवायचा, कोणता सोडायचा, कुठे धान्य पाठवायचे आणि कुणाला नाही म्हणायचे, हे त्यांना रोज ठरवावे लागले.

मग दरवाजे किती?

शिवाजी पेठेतल्या पोरांच्या वादावर पंतांचे उत्तर स्पष्ट आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत आणि शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात. पण त्यांचा नियम इथे संपत नाही. रोजच्या वापराला लागतील तेवढेच दरवाजे उघडे ठेवावेत, बाकीचे चिणून टाकावेत.

दरवाजा एक असला तर पहारा कमी लागतो, पण कोंडी पक्की. दरवाजे जास्त असले तर सुटकेच्या वाटा वाढतात, पण प्रत्येक वाट शत्रूलाही वाट असते आणि प्रत्येक वाटेवरचा पहारेकरी हा फितुरीचा एक दरवाजा. पंतांनी वाट बांधून ठेवली आणि बंद केली. गरज पडली तर चार तासांत भिंत फोडता येते. नसलेला दरवाजा चार तासांत करता येत नाही.

असेच दारूखान्याचे. तो घरांजवळ नको, पहाऱ्यात हवा, बारूद ठरावीक दिवसांनी बाहेर काढून वाळवायला हवी. दूर ठेवले तर लढाईत आणायला वेळ लागतो, जवळ ठेवले तर एका ठिणगीत वस्ती जाते. पंतांनी वेळ गमावणे पत्करले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला तेव्हा १९ जवान हुतात्मा झाले, त्यातले अनेक तंबूंना लागलेल्या आगीत. राहण्याची जागा आणि पेट घेणाऱ्या वस्तू यांच्यातले अंतर हा प्रश्न तीनशे वर्षांत जुना झालेला नाही.

गडाभोवतीच्या झाडीबाबत आजचे नियोजनकार आणि पंत यांची मते मात्र जुळत नाहीत. आज कुंपणाबाहेरची जागा मोकळी ठेवतात, म्हणजे येणारा दुरून दिसतो. पंत म्हणतात, गडाच्या घेऱ्यातले रान वाढवावे, त्यातली काठीही तोडू देऊ नये, कारण त्या रानात आपली माणसे दबा धरून बसू शकतात आणि शत्रूच्या मोठ्या फौजेला चढता येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पंतांसमोर हत्ती-तोफांसह येणारी मोठी फौज होती; आजच्या तळासमोर रात्री सरपटत येणारे चार-पाच जण असतात. शत्रू बदलला की तेच झाड एका हिशेबातून दुसऱ्या हिशेबात जाते.

गडावर केर खाली टाकू नये, तो जाळून राख परसात घालावी आणि भाजीपाला करावा, अशीही सूचना त्यांनी केली आहे. सुरक्षेच्या प्रकरणात केरकचरा कशाला, असे वाटेल. पण वेढ्यात अडकलेल्या गडाला रोगराई आणि उपासमार या शत्रूपेक्षा लवकर गाठतात, हे माहीत असलेल्या माणसानेच हे लिहिले.

गड विकणे ही हार की डाव?

राजाराम महाराज १६९८ मध्ये परतले, पण मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. महाराणी ताराबाईंनी सूत्रे घेतली आणि रामचंद्रपंतांसह जुने कारभारी त्यांच्या बाजूला उभे राहिले. याच सुमारास औरंगजेब म्हातारपणी स्वतः किल्ले घ्यायला निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकामागून एक किल्ले त्याने घेतले.

शाळेच्या पुस्तकात ही यादी पराभवांची वाटते. हिशेबाच्या वहीत ती वेगळी दिसते. बहुतेक गड महिनोन् महिने लढवले गेले आणि शेवटी बोलणी करून, पैसे घेऊन, माणसे सुखरूप बाहेर काढून सोडले गेले. १७०२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी विशाळगड सोडला तो सहा महिने झुंजवून आणि दोन लाख रुपये घेऊन, तेही पाऊस तोंडावर असताना. गड घेऊन पन्हाळ्याकडे परतणाऱ्या बादशाही फौजेला त्या पावसाने, ओढ्यानाल्यांनी आणि चिखलाने एवढे झोडपले की जेमतेम दोन-तीन दिवसांच्या वाटेला महिन्याहून अधिक काळ लागला. तोरणा तेवढा लढून घ्यावा लागला. बादशहाची पाठ फिरली की यातले गड परत मराठ्यांकडे येऊ लागत.

गड कायमचा राखणे हे उद्दिष्ट धरले तर हे सगळे अपयश ठरते. पण गडाने शत्रूचे किती दिवस, किती पैसा आणि किती जनावरे खाल्ली, हे मोजले तर उत्तर फिरते. आजच्या तळांच्या नियोजनातही हा प्रश्न पहिला असतो, आणि अनेकदा तो विचारायचा राहून जातो: आपल्याला नेमके काय वाचवायचे आहे? भिंत, विमाने, माणसे की वेळ? जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावर हल्ला झाला. विमानांना धक्का लागला नाही, पण सात जवान गेले आणि तळ साफ करायला अनेक दिवस लागले. त्यानंतर देशभरातील लष्करी तळांच्या सुरक्षेचा आढावा घेण्यासाठी लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोस यांची समिती नेमावी लागली.

औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ मरण पावला. किल्ल्यांच्या या यादीने त्याला शेवटपर्यंत उत्तरेकडे परतू दिले नाही.

आतल्या माणसाचे काय?

पंतांचे गणित अडते ते इथे, आणि तेही प्रामाणिकपणे.

शिवकाळापासून गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, फौज दुसऱ्याकडे, वही तिसऱ्याकडे. एकटा फितूर झाला तरी गड देता येऊ नये, ही त्यामागची योजना. पंतांनी त्यात नियमित बदल्यांचा आग्रह धरला. बदलीने साटेलोटे तुटते. पण नवा माणूस गडाच्या वाटा जाणत नाही, आणि बदलीचा काळच नाजूक असतो. उरीचा हल्ला झाला तेव्हाही एक पलटण जाऊन दुसरी येत होती.

याहून मोठा सौदा पंतांनी स्वतः केला होता. १६८९ नंतर माणसे धरून ठेवायला राज्याकडे पैसा नव्हता. औरंगजेब वतने आणि मनसबी वाटत होता. रायगड सूर्याजी पिसाळाच्या फितुरीने पडला, असे परंपरा सांगते. मग राजाराम महाराजांच्या सरकारनेही वतने आणि मुलूख देण्याची आश्वासने दिली आणि ती कागदांवर उतरवण्याचे काम पंतांच्याच कारभारात झाले. त्यामुळे फौजा उभ्या राहिल्या, गेलेले सरदार परत आले, राज्य तगले. शिवाजी महाराजांनी ज्या प्रथेला आवर घातला होता, ती मात्र मागल्या दाराने परतली.

आणि मग १७१५ मध्ये तेच पंत ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी सर्वांत कडक प्रकरण लिहितात. वतनदार म्हणजे राज्याचे छोटे वाटेकरी. मिळाले त्यात त्यांचे समाधान नाही. बळ वाढले की ते राज्यावर उलटतात. त्यांना मोडूनही चालणार नाही आणि मोकळे सोडूनही नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचताना लक्षात ठेवायला हवे की बावड्याची जहागीर स्वतः पंतांच्या घराण्याकडे होती आणि पुढच्या पिढ्यांकडेही राहिली. ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. आज गड वाचवायचा तर उद्याचे राज्य गहाण पडते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आजचा गड निवडला आणि उद्यासाठी इशारा लिहिला.

संगणकाचीही अडचण इथेच होते. झऱ्याचे पाणी मोजता येते, पावसाच्या तारखांच्या नोंदी मिळतात. पण एखादा हवालदार फितूर होण्याची शक्यता शंभरात एक धरायची की दहा? तो आकडा कोणीतरी अंदाजानेच घालतो आणि पुढे दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांपर्यंत येणारे उत्तर त्या अंदाजावर उभे असते.

टोपीकरांना जागा द्यायची का?

‘आज्ञापत्रा’त याच जातीचा आणखी एक हिशेब आहे, तो युरोपीय व्यापाऱ्यांचा. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच हे इतर सावकारांसारखे नाहीत. त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, असे पंत ओळखतात. व्यापारातून जकात मिळते, म्हणून त्यांना येऊच द्यायचे नाही असे ते म्हणत नाहीत. पण वखारीला समुद्रकाठची जागा देऊ नये, द्यायची तर आत, सखल भागात द्यावी आणि पक्की बळकट बांधकामे करू देऊ नयेत. राजापूरच्या वखारीतल्या तोफा पन्हाळ्यासमोर येऊन ५५ वर्षे झाली होती, पण अमात्यांच्या घरात ती नोंद पुसली गेलेली दिसत नाही.

अखेरची वर्षे

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि स्वराज्याच्या दोन गाद्या झाल्या. ताराबाईंनी पन्हाळ्याला राजधानी केली. कोल्हापूरच्या गादीची सुरुवात ती. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी कैदेत गेले, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या बदलाला रामचंद्रपंतांची साथ होती. ज्या गडाला बाहेरून घ्यायला बादशहाला स्वतः यावे लागले होते, तिथे राज्य बदलले ते आतून, तटाचा एकही दगड न हलता. ‘आज्ञापत्र’ लिहिले गेले ते याच्या पुढच्याच वर्षी, नव्या छत्रपतींच्या नावाने.

१७१६ च्या सुरुवातीला पंतांचे पन्हाळ्यावर निधन झाले. गडावर त्यांची समाधी आहे.

त्यांचे गडाचे नियम पुढे किती पाळले गेले? बदल्यांचा नियम तरी गळून पडला. कोल्हापूर राज्यात गडकऱ्यांच्या जागा आणि त्याबरोबरच्या जमिनी पिढीजात झाल्या. १८४४ मध्ये कंपनी सरकारच्या देखरेखीखालील कारभाऱ्याने या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायला घेतल्या, तेव्हा सामानगड, भुदरगडापासून बंड पेटले. गडकऱ्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबरला कंपनीच्या फौजेने तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला आणि नंतर गड पुन्हा लढवता येऊ नये म्हणून बांधकामे पाडली. तीन दरवाजा वाचला, चार दरवाजा पाडला गेला. आज कोल्हापूरहून गाडी गडावर चढते ती त्याच बाजूने. रस्त्याकडेला चार दरवाज्याचे थोडे अवशेष उरले आहेत.